सूरह अद्-दुहा: दिलासा आणि त्यामागोमाग येणारी जबाबदारी

कुरआनच्या तिसाव्या पाऱ्यात (तीस भागांपैकी शेवटच्या भागात), सूरह (अध्याय) अल्-लैल आणि सूरह अल्-इन्शिराह यांच्या मध्ये, अकरा छोट्या आयतींची (वचनांची) सूरह अद्-दुहा येते. क्रमाने ती ९३ वी आहे, मक्केत अवतरलेली आहे, आणि नमाजमध्ये ती इतक्या वेळा कानावर पडते की पुष्कळांना ती लहानपणीच पाठ झालेली असते. मन खचलेले असताना वाचायची सूरह म्हणून ती ओळखली जाते आणि ही ओळख चुकीची नाही. परंतु त्या ओळखीमुळे तिच्या शेवटच्या तीन आयती, ज्यांत तीन आज्ञा आहेत, वाचणाऱ्याच्या लक्षातून बहुधा निसटतात. माझ्या समजुतीप्रमाणे सूरहचा सर्वात मोठा आध्यात्मिक लाभ त्या तीन आज्ञांपर्यंत पोहोचण्यातच आहे, आणि म्हणून तिच्या अर्थाविषयी जरा सविस्तर लिहावे असे वाटले.

प्रथम ती कोणत्या परिस्थितीत अवतरली ते पाहू. इ.स. ६१० मध्ये मक्केजवळच्या हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.; हे आणि पुढचे ‘रजि.’, ‘अ.’ हे नावामागचे आदरवाचक आशीर्वचन) यांच्यावर पहिली वही, म्हणजे दैवी प्रकटन, अवतरली. ते थरथरत घरी आले, पत्नी हजरत खदीजा (रजि.) यांनी त्यांच्यावर पांघरूण घातले, धीर दिला आणि आपले वृद्ध चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे त्यांना नेले. मूसा (अ.) यांच्याकडे जो आला होता तोच हा फरिश्ता आहे, अशी ग्वाही वरका यांनी दिली. त्यानंतर थोड्याच काळात वरका वारले आणि वही येणे थांबले. हा सारा वृत्तान्त हजरत आइशा (रजि.) यांच्या कथनातून सहीह बुखारी या हदीस-संग्रहात आलेला आहे (हदीस म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींचा वृत्तान्त). त्या पहिल्या खंडानंतर सूरह अल्-मुद्दस्सिरच्या आयती आल्या, पण वही थांबण्याचे प्रसंग पुढेही आले. अशाच एका प्रसंगाविषयी हजरत जुंदुब (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) आजारी पडले आणि दोन किंवा तीन रात्री त्यांना रात्रीच्या नमाजसाठी उठता आले नाही. तेव्हा एक स्त्री येऊन त्यांना म्हणाली, ‘मुहम्मद, तुझ्या सैतानाने तुला सोडलेले दिसते.’ काही भाष्यकारांच्या मते ही स्त्री म्हणजे अबू लहबची पत्नी उम्म जमील. मक्केतले इतर विरोधकही हेच बोलू लागले होते की मुहम्मदला त्याच्या रबने (पालनकर्त्याने) टाकून दिले. या टोमण्यांच्या पार्श्वभूमीवर सूरह अद्-दुहा अवतरली.

तिचा आशय माझ्या शब्दांत असा: चढत्या दिवसाच्या उन्हाची शपथ, आणि रात्रीची शपथ, जेव्हा ती निःस्तब्ध होते. तुमच्या पालनकर्त्याने तुम्हाला सोडलेले नाही आणि तो तुमच्यावर नाराजही झालेला नाही. पुढे जे येणार आहे ते तुमच्यासाठी आधीच्यापेक्षा निश्चितच चांगले आहे. आणि लवकरच तुमचा पालनकर्ता तुम्हाला इतके देईल की तुम्ही संतुष्ट व्हाल. तुम्ही अनाथ होता हे पाहून त्याने तुम्हाला आसरा दिला नाही काय? तुम्ही वाटेच्या शोधात होता, त्याने वाट दाखवली. तुम्ही निर्धन होता, त्याने संपन्न केले. तेव्हा जो अनाथ असेल त्याच्यावर जबरदस्ती करू नका, जो मागायला आला असेल त्याला झिडकारू नका, आणि तुमच्या पालनकर्त्याची जी कृपा तुमच्यावर आहे तिचे कथन करीत राहा.

सुरुवातीच्या दोन शपथा केवळ काव्यात्म प्रस्तावना नाहीत, त्या पुढच्या विधानाचा पुरावा आहेत. आधीची सूरह, अल्-लैल, रात्रीच्या शपथेने सुरू होते आणि मग दिवसाकडे वळते. येथे क्रम उलटा आहे, आधी ऊन आणि मग रात्र. ज्याने सकाळचा प्रकाश निर्माण केला त्यानेच रात्रीची शांतताही निर्माण केली, आणि रात्र झाली म्हणजे सूर्य आपल्यावर रुष्ट झाला असे कोणी समजत नाही. वहीचा प्रकाश आणि वहीचा खंड या दोन्ही गोष्टींचा संबंध जुन्या भाष्यकारांनी या दोन वेळांशी जोडला आहे, आणि तो मला पटतो. प्रकटनाचा भार साधा नव्हता; थंडीच्या दिवसातही वही उतरत असताना प्रेषितांच्या कपाळावर घाम येत असे, असे हजरत आइशा (रजि.) सांगतात. त्या भाराच्या दोन प्रसंगांमध्ये विसाव्याचा काळ असणे हीसुद्धा कृपाच होती, परंतु विसावा चालू असताना तो विसावा आहे हे कळत नाही, तेव्हा तो त्यागासारखा भासतो.

तिसऱ्या आयतीपाशी मी सर्वात जास्त थांबते. तिच्यात दोन गोष्टी नाकारल्या आहेत, सोडून देणे आणि नाराज होणे. वेदनेतल्या माणसाच्या मनात याच दोन शंका एकामागून एक येतात. आधी वाटते की आपण एकटे पडलो, आणि मग वाटते की एकटे पडलो त्या अर्थी आपल्यावर कोणाचा तरी राग असला पाहिजे. आयत दोन्ही शंकांना उत्तर देते. मात्र वही का थांबली, किती काळ थांबायची होती आणि त्यामागचा हेतू काय होता, याविषयी ती एक अक्षरही सांगत नाही. आपण स्वतः एखाद्याचे सांत्वन करतो तेव्हा घाईघाईने कारणे पुरवतो, ‘यातही काही चांगले असेल’, ‘ही परीक्षा आहे’ असे म्हणतो, आणि पुष्कळदा ती कारणे ऐकणाऱ्याला आणखी एकटे करतात. अल्लाहने आपल्या सर्वात प्रिय दासाचे सांत्वन करताना कारण सांगितले नाही, नाते अबाधित आहे एवढेच सांगितले. घरातल्या एका मृत्यूनंतरच्या काळात माझ्या नमाजमधला जिव्हाळा पार आटून गेला होता. शब्द उच्चारले जात होते, पण ते कोठे पोहोचत आहेत असे वाटत नव्हते. त्या काळात मला आधार वाटला तो या आयतीतल्या नेमक्या याच संयमाचा. अमुक का घडले हे समजल्याशिवायही नाते टिकून असू शकते, हे मी तिच्याकडून शिकले.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. हे वचन प्रेषित मुहम्मद (स.) यांना उद्देशून आहे, मग सामान्य वाचकाने ते स्वतःला लागू करावे काय? माझे मत असे की जसेच्या तसे लागू करू नये. ‘तुमच्या रबने तुम्हाला सोडलेले नाही’ हे विशिष्ट आश्वासन एका विशिष्ट व्यक्तीला, तिच्यावरील विशिष्ट आरोपाच्या उत्तरादाखल दिलेले आहे, आणि मी अल्लाहच्या विशेष मर्जीत आहे असा दावा त्याच्या आधारे कोणी करू लागला तर तो अहंकार ठरेल. परंतु अल्लाह आपल्या दासांशी कसा वागतो याचे दर्शन त्यातून नक्कीच घडते, आणि सर्वांसाठी खुली असलेली आश्वासने कुरआनात इतरत्र आहेतच. सूरह अल्-बकराच्या १८६ व्या आयतीत अल्लाह म्हणतो की माझे दास माझ्याविषयी विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो. सूरह यूसुफमध्ये याकूब (अ.) आपल्या मुलांना बजावतात की अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका. या आयतींच्या सोबतीने वाचली की सूरह अद्-दुहा सामान्य माणसासाठीही खरी ठरते.

चौथ्या आयतीचे दोन अर्थ सांगितले जातात. एक, परलोक इहलोकापेक्षा चांगला आहे. दुसरा, तुमच्या कार्याचा पुढचा काळ आधीच्या काळापेक्षा चांगला असेल. हे दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात. पहिल्या अर्थाच्या संदर्भात तफसीरकार (कुरआनचे भाष्यकार) इब्न कसीर यांनी हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची हदीस दिली आहे. प्रेषित (स.) चटईवर झोपले होते आणि त्यांच्या अंगावर चटईचे वळ उठले होते. त्यावर काही मऊ अंथरू का, असे विचारले असता ते म्हणाले की या जगाशी माझे काय देणेघेणे, मी तर त्या स्वारासारखा आहे जो एखाद्या झाडाच्या सावलीत क्षणभर थांबला आणि मग ती सोडून पुढे निघाला. दुसऱ्या अर्थाचा विचार करताना मात्र इतिहास डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. ही आयत आली आणि लगेच परिस्थिती सुधारली असे मुळीच झाले नाही. उलट पुढच्या वर्षांत अनुयायांचा छळ वाढला, मक्केच्या कुरैश जमातीने प्रेषितांच्या बनू हाशिम कुळावर बहिष्कार टाकला, इ.स. ६१९ च्या सुमारास खदीजा (रजि.) आणि प्रेषितांचे काका अबू तालिब दोघेही गेले, आणि त्यानंतर ताइफमध्ये दगडांचा वर्षाव झाला. मदिनेला हिजरत (स्थलांतर) झाली ती ६२२ मध्ये आणि मक्का ताब्यात आली ती ६३० मध्ये. म्हणजे ‘पुढचे चांगले आहे’ हे वचन ज्यांनी ऐकले त्यांना ते पूर्ण होताना दिसण्यासाठी बरीच कठीण वर्षे चालावे लागले. या सूरहचा आधार घेणाऱ्याने ही गोष्ट मनाशी बाळगावी, नाहीतर चार दिवसांत दुःख हटले नाही म्हणून तो सूरहवरच रुसायचा.

पाचव्या आयतीत देण्याचे वचन आहे, पण काय देणार हे सांगितलेले नाही, आणि मर्यादा घातली आहे ती केवळ घेणाऱ्याच्या संतुष्टीची. प्रेषितांची संतुष्टी कशात होती हे सहीह मुस्लिममधल्या एका हदीसवरून कळते. अब्दुल्लाह बिन अम्र बिन अल्-आस (रजि.) सांगतात की प्रेषितांनी (स.) आपापल्या लोकांविषयी इब्राहीम (अ.) आणि ईसा (अ.) यांनी काढलेले उद्गार कुरआनातून वाचले, मग हात उंचावून ‘हे अल्लाह, माझी उम्मत, माझी उम्मत’ (उम्मत म्हणजे अनुयायांचा समुदाय) असे म्हणत ते रडू लागले. तेव्हा अल्लाहने जिब्रील (अ.) यांना निरोप देऊन पाठवले की तुमच्या उम्मतीच्या बाबतीत आम्ही तुम्हाला संतुष्ट करू आणि दुःखी करणार नाही. त्यामुळेच काही जुन्या विद्वानांनी या पाचव्या आयतीला कुरआनातली सर्वात आशादायक आयत मानले आहे. ज्याला हवे तेवढे मिळणार होते त्याने स्वतःसाठी न मागता इतरांसाठी मागावे, हे पाहिले की सूरहच्या उत्तरार्धातल्या आज्ञा त्यांनाच का दिल्या गेल्या हेही उमगते.

सहाव्या आयतीपासून सूर बदलतो. आतापर्यंत भविष्याची वचने होती, आता भूतकाळाची आठवण सुरू होते. प्रेषितांचे (स.) वडील अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधीच वारले होते. सहा वर्षांचे असताना यसरिबहून (मदिनेहून) परतीच्या वाटेवर अबवा या ठिकाणी आई आमिना यांचे निधन झाले, आणि सोबतच्या उम्म ऐमन यांनी त्या पोरक्या मुलाला मक्केत आणून आजोबा अब्दुल मुत्तलिब यांच्या स्वाधीन केले. आठव्या वर्षी आजोबाही गेले आणि काका अबू तालिब यांनी सांभाळ केला. पुढे खदीजा (रजि.) यांचा व्यापार त्यांनी सचोटीने सांभाळला, त्यांच्याशी विवाह झाला आणि आर्थिक चणचण दूर झाली. वाटेच्या शोधात असण्याचा उल्लेख वाचून काही वाचक अडखळतात, म्हणून स्पष्ट करते की त्याचा अर्थ ते कधी मूर्तिपूजा करीत होते असा नाही. सूरह अश्-शूराची ५२ वी आयत त्याचा खुलासा करते: ग्रंथ काय आणि ईमान (श्रद्धा) काय हे तुम्हाला ठाऊक नव्हते, मग आम्ही त्याला प्रकाश बनवले. भोवतालच्या समाजाची अवस्था पाहून अस्वस्थ होणारे, हिराच्या एकांतात जाऊन बसणारे, पण नेमकी वाट अजून न गवसलेले असे ते मन होते.

या तीन आयतींत मला दोन गोष्टी विशेष जाणवतात. पहिली अशी की येथे अल्लाह दिलाशासाठी नवे काही देत नाही, जे आधी दिलेले आहे त्याची आठवण करून देतो. संकटात असलेल्या माणसाची स्मृती आखूड होते. त्याला आजचे दुःख कायमचे वाटते आणि पूर्वीची दुःखे कशी ओसरली ते आठवत नाही. सूरह त्याच्यापुढे प्रश्नाच्या रूपात त्याचेच आयुष्य ठेवते, म्हणजे उत्तर त्याने स्वतःच्या तोंडून द्यावे. दुसरी गोष्ट अशी की आसरा आजोबांनी आणि काकांनी दिला, मायेने सांभाळले ते उम्म ऐमन यांनी, धन आणि साथ खदीजा (रजि.) यांनी दिली, आणि तरीही कुरआन म्हणते की हे सारे अल्लाहने दिले. माणसांच्या हातून आलेली मदत ही त्याचीच मदत असते. हे एकदा मनात ठसले की नवव्या आयतीची वाट मोकळी होते, कारण मग पुढच्या अनाथापर्यंत त्याची मदत पोहोचायची तर ती कोणाच्या तरी हातूनच पोहोचणार.

आणि नवव्या आयतीत नेमके तेच येते. रचना किती घट्ट आहे पाहा: तीन आठवणी, आणि लगेच तीन आज्ञा. तुम्ही अनाथ होता, म्हणून अनाथावर जबरदस्ती करू नका. इस्लामपूर्व अरबस्तानात जो लढू शकत नाही त्याला वारसा मिळत नसे, त्यामुळे लहान मुलांची आणि स्त्रियांची मालमत्ता नातेवाईक सहज गिळंकृत करीत. पुढे मदिनेत, ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत सुमारे सत्तर मुस्लिम शहीद झाल्यावर, अनाथांचा प्रश्न फार मोठा झाला आणि सूरह अन्-निसामध्ये त्यांच्या मालमत्तेविषयी तपशीलवार नियम आले. अनाथाचा माल त्याला परत करा, चांगल्याच्या जागी वाईट ठेवू नका, तो सज्ञान झाल्यावर साक्षीदारांसमक्ष त्याच्या हवाली करा, आणि जे अनाथांचा माल अन्यायाने खातात ते आपल्या पोटात आग भरतात. पण या सगळ्याच्या कितीतरी आधी, मक्केच्या सुरुवातीच्या काळात, जेव्हा कोणताही कायदा करण्याची सत्ता मुस्लिमांकडे नव्हती, तेव्हा सूरह अद्-दुहाने त्याचा पाया घातला होता.

आज्ञा ‘अनाथाला द्या’ अशी नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. देणारा माणूस दिल्यानंतर हुकूम गाजवू शकतो, उपकाराची आठवण करून देऊ शकतो, मुलाला त्याची जागा दाखवून देऊ शकतो. सूरह त्याच्या आधीच्या पायरीवर उभी राहून सांगते की ज्याच्या मागे कोणी उभे नाही त्याच्या त्या असहायपणाचा लाभ उठवू नका. सांभाळ करणाऱ्याची थोरवी तर वेगळी आहेच. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) तर्जनी आणि मधले बोट दाखवून, दोन्हींत थोडे अंतर ठेवून, सांगितले की मी आणि अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये असे असू. ही हदीस मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा हे सांगणारे स्वतः अबवाच्या वाटेवर आई गमावलेले मूल होते, हे आठवल्यावाचून राहत नाही.

दहाव्या आयतीतला मागणारा कोण, याविषयी भाष्यकारांनी दोन्ही शक्यता घेतल्या आहेत: अन्न किंवा पैसा मागणारा, आणि ज्ञान मागणारा, म्हणजे प्रश्न घेऊन आलेला. त्यावरूनच आठवणी आणि आज्ञा यांच्या जोड्या कशा लावायच्या याबद्दल मतभेद आहेत. इब्न कसीर सरळ क्रमाने जातात: वाट शोधणाऱ्याला वाट मिळाली, म्हणून ज्ञान विचारणाऱ्याला झिडकारू नका, निर्धनाला संपन्नता मिळाली, म्हणून कृपेचे कथन करा. इतर काही विद्वान या दोन जोड्यांची अदलाबदल करतात: गरिबी अनुभवली आहे म्हणून भिकाऱ्याला हाकलू नका, आणि मार्गदर्शन मिळाले आहे म्हणून ते लोकांना सांगत राहा. मला दुसरी मांडणी अधिक जवळची वाटते, तरी पहिलीमुळे आयतीची व्याप्ती वाढते हे मान्य केले पाहिजे. शिक्षक, आईवडील, वैद्य, धर्माचे जाणकार, या सर्वांकडे रोज कोणी ना कोणी प्रश्न घेऊन येते, आणि तुटक उत्तर देऊन त्याला परत पाठवणे हाही झिडकारण्याचाच प्रकार आहे.

देण्यासाठी हातात काहीच नसेल तर काय करावे? कुरआन त्याचेही उत्तर देते. सूरह अल्-इस्राच्या २८ व्या आयतीत सांगितले आहे की तुम्ही स्वतःच आपल्या पालनकर्त्याच्या कृपेच्या प्रतीक्षेत असाल आणि त्यामुळे मागणाऱ्यांपासून तोंड फिरवावे लागत असेल, तर त्यांच्याशी नरमाईने बोला. सूरह अल्-बकराच्या २६३ व्या आयतीत तर स्पष्ट म्हटले आहे की ज्या दानामागून मनस्ताप येतो त्या दानापेक्षा एक चांगला शब्द आणि क्षमा बरी. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषितांकडे (स.) काही मागितले गेले आणि ते ‘नाही’ म्हणाले असे कधी घडले नाही. आपल्याला ही उंची गाठता येणार नाही, परंतु ‘नाही’ म्हणताना आवाज चढू न देणे हे कोणालाही जमण्यासारखे आहे, आणि आयतीची मागणी तेवढी तरी निश्चित आहे.

अकराव्या आयतीवर फार लिहिण्याची गरज नाही, पण तिचा गैरवापर होतो म्हणून थोडे लिहिते. कृपेचे कथन म्हणजे संपत्तीचे प्रदर्शन नव्हे. मुजाहिद यांच्यासारख्या आरंभीच्या भाष्यकारांनी येथील कृपेचा अर्थ नबुव्वत (प्रेषितपद) आणि कुरआन असा केला आहे, म्हणजे आज्ञेचा मूळ रोख संदेश पोहोचवण्याकडे आहे. इतर नेमतींविषयी (देणग्यांविषयी) बोलायचे तर बोलण्याचा विषय देणारा असावा, घेणारा नव्हे. घर, पद, मुलांचे यश यांचे वर्णन करताना ऐकणाऱ्याच्या मनात अल्लाहविषयी कृतज्ञता जागी होते की बोलणाऱ्याविषयी हेवा, यावरून ते कथन कोणत्या प्रकारचे होते ते ओळखता येते. ज्यांच्या हातून नेमत आली त्यांचे नाव घेणेही त्यात येते, कारण जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचे आभार मानत नाही, असे हदीसमध्ये आलेच आहे.

आता फजीलत, म्हणजे पठनाच्या लाभांविषयी. अनेक पुस्तिकांमध्ये ही सूरह अमुक इतक्या वेळा वाचली की हरवलेली वस्तू सापडते, घरातून निघून गेलेला माणूस परत येतो, असे लिहिलेले आढळते. प्रेषितांच्या (स.) शिकवणीत अशा संख्यांना आधार नाही. काही प्रसिद्ध तफसीर-ग्रंथांत प्रत्येक सूरहच्या अखेरीस त्या त्या सूरहचे पुण्य सांगणारी एक लांबलचक हदीस हजरत उबय बिन कअब (रजि.) यांच्या नावाने तुकड्या-तुकड्यांनी दिलेली आहे, ती बनावट असल्याचे हदीसशास्त्राच्या जाणकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. हे सांगताना कोणाची श्रद्धा दुखवण्याचा हेतू नाही. दुःखात असलेला माणूस हाताला लागेल तो आधार पकडतो, हे मी जाणते. परंतु संख्येवर भिस्त ठेवून वाचणारा शेवटी मोजत राहतो, आणि अपेक्षित फळ आले नाही तर त्याला तेच वाटू लागते जे पुसून टाकण्यासाठी ही सूरह आली होती, की मला सोडून दिले गेले आहे.

जे लाभ निश्चित आहेत ते थोडे नाहीत. अल्लाहच्या ग्रंथातले एक अक्षर वाचणाऱ्याला एक नेकी मिळते आणि ती दहापट होते, असे इब्न मसऊद (रजि.) यांच्या तिर्मिजी या संग्रहातील हदीसमध्ये आले आहे. सूरह अर्-रअदच्या २८ व्या आयतीनुसार अल्लाहच्या स्मरणानेच अंतःकरणांना शांती लाभते. सूरहने ज्या वेळेची शपथ घेतली आहे त्या वेळेची नमाजही आहे, जिला आपण चाश्तची नमाज म्हणतो. हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की माझ्या जिवलगाने (म्हणजे प्रेषितांनी) मला तीन गोष्टींची ताकीद केली: दर महिन्याला तीन रोजे, दुहाच्या दोन रकाती (नमाजची आवर्तने), आणि झोपण्याआधी वित्र ही रात्रीची नमाज. त्या नमाजमध्ये ही सूरह वाचलीच पाहिजे असे बंधन नाही, मात्र दिवस वर आलेला असताना, कामाच्या धांदलीतून काही मिनिटे काढून तिच्या पहिल्या आयती म्हणताना शपथेतले ऊन प्रत्यक्ष समोर असते आणि अर्थ आपोआप जवळ येतो.

स्वतःच्या वाचनाबद्दल सांगायचे तर मी आठव्या आयतीनंतर थोडी थांबते. नमाजबाहेर वाचत असेन तर त्या विरामात मला मिळालेल्या आसऱ्यांची, दाखवल्या गेलेल्या वाटांची, भागवल्या गेलेल्या गरजांची एकेक आठवण काढते, आणि ज्यांच्या हातून ते आले त्यांच्यासाठी दुआ करते. मगच पुढच्या तीन आज्ञा वाचते. असे वाचल्यावर त्या आज्ञा ओझे वाटत नाहीत, त्या परतफेड वाटतात. गेल्या काही काळात माझ्याकडे काही मागायला किंवा विचारायला आलेल्या माणसाशी बोलताना दहावी आयत वेळेवर आठवते आणि आवाज खाली येतो, हा मला झालेला सर्वात प्रत्यक्ष लाभ आहे.

पुढची सूरह, अल्-इन्शिराह, जणू याच संभाषणाचा पुढचा भाग आहे. तिची सुरुवातही आठवण देणाऱ्या प्रश्नाने होते, आम्ही तुमची छाती तुमच्यासाठी मोकळी केली नाही काय, आणि अडचणीसोबत सुलभता असते हे तीत दोनदा सांगितले आहे. दोहोंची जवळीक इतकी की जाफरी फिकहमध्ये (शियांच्या धर्मशास्त्रात) नमाजच्या एका रकातीत या दोन्ही सूरह एकत्र वाचल्या जातात. मक्केच्या कारींची (कुरआन-पठनकारांची) एक जुनी परंपराही येथे सांगण्यासारखी आहे. मक्केचे प्रसिद्ध कारी इब्न कसीर (हे वर उल्लेखिलेल्या तफसीरकारांच्या सुमारे सहा शतके आधीचे) यांच्या पठनाची जी शाखा अल्-बज्जी यांच्यामार्फत पोहोचली, तिच्यात सूरह अद्-दुहापासून कुरआनच्या अखेरपर्यंत प्रत्येक सूरहच्या शेवटी तकबीर (‘अल्लाहु अकबर’) म्हटली जाते. यामागे अशी कथा सांगितली जाते की खंडानंतर ही सूरह ऐकताच प्रेषितांनी (स.) आनंदाने ‘अल्लाहु अकबर’ म्हटले. हदीसच्या कसोटीवर ही कथा दुर्बल मानली गेली आहे आणि इतर पठन-परंपरांत ती तकबीर नाही, पण त्या शाखेने कुरआन पूर्ण करणारे कारी आजही या सूरहपासून ती म्हणतात.